अपडेटची वेळ संगणकाला ठरवू देऊ नका

अपडेटचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात फाइली इंटरनेटवरून उतरतात आणि जमतील तेवढ्या जागच्या जागी बसतात. हे मागच्या मागे चालतं, संगणक थोडा मंदावला तरच लक्षात येतं. दुसरा टप्पा म्हणजे रीस्टार्ट. सिस्टिम चालू असताना ज्या फाइली तिच्या वापरात असतात त्या बदलता येत नाहीत, म्हणून तिला थांबवून पुन्हा उभं करावं लागतं. लोकांचा वैताग असतो तो या दुसऱ्या टप्प्यावर, पण रागाच्या भरात बंद केलं जातं ते सगळंच. अपडेट कायमचं बंद करण्याच्या युक्त्या शोधल्या तर ढिगानं सापडतील. त्या वाटेला जाऊ नका. रीस्टार्ट कधी व्हायचं ते तुम्ही ठरवायला शिकलात, की अपडेटचा निम्म्याहून अधिक त्रास संपतो. बाकीचा कसा संपवायचा ते पुढे आहे.

कुठलं अपडेट किती घाईचं

सगळी अपडेट्स एका मापाची नसतात. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण पडद्यावर सगळ्यांची सूचना सारखीच दिसते.

पहिला प्रकार सुरक्षेचा. मायक्रोसॉफ्ट ही अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता आहे. त्याआधी दुरुस्त्या कधीही यायच्या आणि त्यामुळे कधीच घेतल्या जायच्या नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या मंगळवारी सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे जगाच्या बऱ्याच भागात मंगळवारची रात्र किंवा बुधवार उजाडलेला असतो.

दुरुस्ती बाहेर पडली की धोका लगेच कमी होत नाही, उलट काही दिवस वाढतो. हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते पाहतात आणि भोक कुठे होतं ते शोधतात. कुलूप बदलल्याची दवंडी पिटली, की जुनं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं हेही गावभर होतं. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं कामकाज त्यानं विस्कळीत केलं. तो ज्या भोकातून शिरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. तेव्हा सुरक्षेचं अपडेट आठवड्याच्या आत बसवायचंच, आणि 'हे लगेच घ्या' अशी ठळक बातमी फिरत असेल तर त्याच दिवशी.

दुसरा प्रकार मोठ्या आवृत्तीचा. विंडोज ११ ला असं अपडेट वर्षातून एकदा, वर्षाच्या उत्तरार्धात येतं. इथे घाई करू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काही जणांच्या फाइलीच त्यात पुसल्या गेल्या होत्या. ते दुरुस्त होऊन पुन्हा यायला नोव्हेंबर उजाडला. होम आणि प्रो या प्रकारांत प्रत्येक मोठ्या आवृत्तीला २४ महिने सुरक्षेची अपडेट्स मिळत राहतात, त्यामुळे एक-दोन महिने थांबल्यानं काही बिघडत नाही.

तिसरा प्रकार 'ऑप्शनल' किंवा 'प्रीव्ह्यू' असं लिहिलेला. तो सहसा महिन्याच्या शेवटच्या भागात येतो. त्यातल्या सुधारणा पुढच्या महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये तशाही येणारच असतात. एखादी विशिष्ट अडचण त्यात सुटली आहे असं ठाऊक नसेल, तर त्याला हात लावू नका.

राहिले ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वाय-फाय अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम. प्रिंटर छापतोय, आवाज येतोय, वाय-फाय जोडलं जातंय, तर ड्रायव्हर जसा आहे तसा राहू द्या.

बसवण्याआधी

फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. फाइली क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. क्लाउडचं फोल्डर संगणकाशी जुळवलेलं असतं, त्यामुळे इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते. काही दिवस ती कचरापेटीत सापडते, पण त्यावर विसंबणं बरं नव्हे. महिन्याच्या छोट्या अपडेटपूर्वी दर वेळी सगळ्याची प्रत घ्यायची गरज नाही, मोठ्या आवृत्तीपूर्वी मात्र घ्याच.

डिस्कवर जागा ठेवा. मोठ्या आवृत्तीसाठी २० जीबीच्या आसपास मोकळी जागा असली तर बरं. जागा अपुरी पडली की अपडेट अर्ध्यावर येऊन परत फिरतं आणि संदेश मात्र भलताच गूढ देतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे गेलात की कशानं किती जागा खाल्ली ते दिसतं.

लॅपटॉप चार्जरला लावा. बॅटरी भरलेली असली तरी लावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. आजकालच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपांमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते, मालकाला न सांगता. बायोससारखं (विंडोजच्याही आधी चालू होणारा, यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) मुळातलं अपडेट झाल्यावर संगणक कधी कधी ४८ अंकी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही उघडत नाही, कुणालाच उघडता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक सुरू केला असेल तर ही की सहसा त्या खात्यात जपलेली असते. दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून खातं उघडून ती आत्ताच शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. त्याच संगणकावरच्या फाइलीत ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको.

विंडोज ११ वर

विंडोजचं बटण आणि 'आय' एकत्र दाबलं की सेटिंग्ज उघडतात. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट' आहे. तुमची विंडोज मराठीतून असेल तर नावं वेगळी दिसतील, जागा त्याच.

वर 'चेक फॉर अपडेट्स' हे बटण आहे. ते दाबा आणि काय काय आलंय ते आधी वाचा. त्याच्या खाली 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असा खटका दिसेल. तो बंद ठेवा. तो चालू असला की सुरक्षेपलीकडच्या नव्या गोष्टी तुमच्याकडे इतरांच्या आधी येतात. तपासणीचं काम दुसऱ्यांना करू द्या. बंद ठेवला तरी सुरक्षेची अपडेट्स वेळेवर येतातच.

मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा. तिथे 'रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स' चालू करा. 'गेट मी अप टु डेट' बंदच ठेवा, कारण तो चालू असेल तर संगणक तुमच्या कामाच्या वेळेतही रीस्टार्ट करू शकतो. रीस्टार्टची गरज पडली की सूचना द्यावी, असा एक पर्याय तिथेच आहे, तो चालू करा. फोनच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट घेत असाल तर त्या जोडणीला नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, म्हणजे मोठ्या फाइली तिथून उतरणार नाहीत.

याच पानावर 'ॲक्टिव्ह अवर्स' आहेत: या तासांत संगणक आपणहून रीस्टार्ट करणार नाही. मुळात विंडोज ते तुमच्या वापरावरून स्वतः ठरवते. 'मॅन्युअली' निवडून तुम्ही ते ठरवा. जास्तीत जास्त १८ तासांचा पट्टा देता येतो.

इथे एक फसगत आहे. सकाळी सहा ते रात्री बारा असा पट्टा दिला आणि रात्री बाराला संगणक बंद करून झोपायला गेलात, तर अपडेटला वेळ उरतोच कुठे? ते बिचारं संधी शोधत राहतं, सूचना साठत जातात, आणि शेवटी एक दिवस नको त्या वेळी गळ्याशी येतं. म्हणून नुसते ॲक्टिव्ह अवर्स ठरवून भागत नाही. अपडेटला स्वतःची वेळ द्यावी लागते.

माझ्या मते सगळ्यात सोपी पद्धत अशी: दुसऱ्या मंगळवारनंतरचा पहिला असा दिवस निवडा, ज्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाची निकड नाही. बहुतेकांसाठी तो शुक्रवार किंवा शनिवार असतो. तीन-चार दिवसांत काही भयंकर घोळ असेल तर त्याची बोंब एव्हाना झालेली असते. त्या संध्याकाळी काम संपल्यावर हातानं 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, उतरू द्या, आणि रीस्टार्टही तुम्हीच करा. कॅलेंडरमध्ये दरमहा येणारी आठवण लावून टाका.

तेव्हाच बसणं शक्य नसेल तर, अपडेट रीस्टार्टसाठी थांबलेलं असताना याच पानावर 'शेड्यूल द रीस्टार्ट' असा पर्याय येतो. दिवस आणि तास निवडा आणि त्या वेळी लॅपटॉप चालू व चार्जरला लावलेला राहील असं बघा.

परीक्षा, प्रवास, मोठं सादरीकरण असं काही असेल तर 'पॉज अपडेट्स' वापरा. एक ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ती मुदत संपली की आधी थकलेली अपडेट्स घ्यावी लागतात, त्यानंतरच पुन्हा थांबवता येतं. पॉज चांगली सोय आहे, पण ती कारणापुरतीच वापरावी. उगाच पाच आठवडे थांबवलं तर एका महिन्याची सुरक्षा गेलीच.

रीस्टार्ट आणि शट डाउन एक नव्हेत

'मी रोज बंद करतो की' असं सांगणाऱ्यांचा संगणक कित्येकदा आठवडेच्या आठवडे खऱ्या अर्थानं बंद झालेलाच नसतो. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. म्हणून संगणक झटकन सुरू होतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पुसून मुळापासून उभं राहतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारा आणि 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या संगणकाचा आकडा दिवसांमध्ये दिसला तर दचकू नका.

अपडेट थांबलेलं असताना पॉवरच्या यादीत 'अपडेट अँड शट डाउन' आणि 'अपडेट अँड रीस्टार्ट' असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडा. पहिल्यात उरलेलं काम पुढच्या वेळी सुरू करताना होतं, म्हणजे नेमकं घाईच्या सकाळी. रीस्टार्ट पूर्ण होऊन डेस्कटॉप दिसला की मग खुशाल बंद करा.

मध्येच टक्केवारी एका आकड्यावर अडकली तर पॉवरचं बटण दाबायचा मोह होतो. आवरा. जुन्या फिरत्या डिस्कच्या यंत्रावर मोठ्या आवृत्तीला दोन-तीन तासही लागतात आणि आकडा बराच काळ हलत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

काही बिघडलं तर

आधी काय बसलं ते बघा: विंडोज अपडेटच्या पानावर 'अपडेट हिस्टरी'. अपडेटच्या दिवसापासूनच त्रास सुरू झाला असेल तर त्याच पानाच्या तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. मोठी आवृत्ती घेतली असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' हे बटण १० दिवस राहतं, नंतर जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. त्यामुळे मोठ्या आवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात प्रिंटर, स्कॅनर, नेहमीचे प्रोग्रॅम, सगळं एकदा वापरून बघा. अकराव्या दिवशी लक्षात येऊन काही फायदा नाही.

संगणक सुरूच होत नसेल तर दोन-तीन अयशस्वी प्रयत्नांनंतर तो स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर येतो. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. 'क्वालिटी' म्हणजे महिन्याचं अपडेट, 'फीचर' म्हणजे मोठी आवृत्ती. शेवटचं जे बसवलं असेल ते काढा. वर सांगितलेली ४८ अंकी की इथेही मागितली जाऊ शकते.

मॅक आणि उबुंटू

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. 'ऑटोमॅटिक अपडेट्स' शेजारच्या छोट्या खुणेवर टिचकी मारली की वेगवेगळे खटके उघडतात. डाउनलोडचा आणि सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्यांचा खटका चालू ठेवा. मॅकओएसची अपडेट्स आपोआप बसवण्याचा खटका बंद ठेवला तर बसवण्याची वेळ तुम्हाला निवडता येते, पण मग निवडायचं विसरू नका. नवी मोठी आवृत्ती आली की ती पानावर सगळ्यात वर झळकते आणि सध्याच्या आवृत्तीचं सुरक्षेचं अपडेट त्याखाली वेगळं, जरा दबून असतं. मोठी आवृत्ती लगेच नको असेल तर खालचं शोधून तेवढंच घ्या. मॅकवर मोठ्या आवृत्तीतून मागे यायला 'गो बॅक'सारखं बटण नाही, डिस्क पुसूनच यावं लागतं. म्हणून टाइम मशीनची (मॅकची प्रत घेण्याची सोय) ताजी प्रत असल्याशिवाय त्यात पडू नका.

उबुंटू ही लिनक्सवर चालणारी मोफत सिस्टिम. उबुंटूवाल्यांचा संसार तुलनेनं सुखाचा आहे. 'सॉफ्टवेअर अपडेटर' सिस्टिम आणि बहुतेक प्रोग्रॅम एकाच यादीत दाखवतो, सुरक्षेची अपडेट्स सहसा आपोआप बसतात आणि रीस्टार्टसाठी कुणी मागे लागत नाही. त्यामुळे उलटीच चूक होते: नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसलेला असतो आणि चालू असतो जुनाच. यादी 'रीस्टार्ट करा' म्हणाली की त्याच दिवशी करा. नव्या कर्नलवर काही अडलं तर सुरुवातीच्या ग्रब मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' मध्ये आधीचा कर्नल निवडून आत जाता येतं. शक्यतो एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट्स मिळणारी आवृत्तीच वापरा. ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेची अपडेट्स मिळतात.

सिस्टिमपलीकडचं

हल्ल्याचा सगळ्यात मोठा दरवाजा आता ब्राउझर आहे. क्रोमनं २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२३ पासून तो सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देतो. त्या मागच्या मागे उतरतात खऱ्या, पण ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाहीत. चाळीस टॅब उघडे ठेवून महिनाभर तोच ब्राउझर चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. कोपऱ्यात 'रीलाँच'ची खूण दिसली की दाबा. नेहमीच्या खिडकीतले टॅब परत उघडतात, गुप्त खिडकीतले नाही. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र आधी पुरा करा.

काही प्रोग्रॅम स्वतःहून अपडेट होतच नाहीत. फाइली दाबून लहान करणारे सेव्हन-झिप आणि विनरार ही ठळक उदाहरणं. विनरारमधल्या एका भोकाचा वापर हल्लेखोर २०२३ च्या एप्रिलपासून करत होते, दुरुस्त आवृत्ती ऑगस्टमध्ये आली, पण ती प्रत्येकानं स्वतः जाऊन घ्यायची होती. तेव्हा महिन्याच्या त्या ठरलेल्या संध्याकाळीच बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीवरून एक नजर फिरवा. जे वापरात नाही ते काढून टाका. जे आहे त्याची नवी आवृत्ती त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या.

मूळ संकेतस्थळ यासाठी म्हणतो, की खोटी अपडेट्स हा एक जुना आणि आजही चालणारा धंदा आहे. एखादं पान उघडताच 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे टिचकी मारा' असं आलं तर ते पान बंद करा. खरं अपडेट सेटिंग्जमधून किंवा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेनूतून येतं. शंका आली तर त्या सूचनेला न शिवता स्वतः सेटिंग्ज उघडून तपासा.

ज्याला आता अपडेट येत नाही

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली. तुमचा संगणक विंडोज ११ पेलतो का, हे मायक्रोसॉफ्टच्याच 'पीसी हेल्थ चेक' या प्रोग्रॅमनं कळतं. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क बहुतेकांकडे असते. घोडं अडतं ते टीपीएम २.० वर (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा यंत्रातला भाग) किंवा जुन्या प्रोसेसरवर. टीपीएम कधी कधी यंत्रात असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं, तेव्हा नकार आला तर आधी तिथे बघा. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या वाटा आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी हा खटाटोप करायचा, तेच त्यात हातचं जातं.

अशा यंत्रासाठी मला लिनक्स बरं वाटतं, निदान ब्राउझर आणि लिहिणं-वाचणं एवढंच काम असेल तर. उबुंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येतं. डिस्कला हात लावण्याआधी तिथेच वाय-फाय जोडलं जातं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का आणि मराठी टंकलेखन तुमच्या सवयीच्या कीबोर्डनं होतं का, एवढं तपासून घ्या.